मदत हवी आहे: ओव्हरलँडिंगसाठी मध्यम आकाराचा पिकअप घ्यावा की पूर्ण आकाराचा?

नमस्कार. कोलोरॅडोत राहणाऱ्या आमच्या चौघांच्या कुटुंबाला तंबू, पाणी आणि शिधा बरोबर घेऊन अनेक दिवस कच्च्या वाटांनी फिरण्यासाठी पिकअप ट्रक घ्यायचा आहे; टोयोटा टकोमा की फोर्ड एफ-१५०, हे ठरत नाही.

टकोमाची भारक्षमता आवृत्तीनुसार साधारण ५०० ते ७५० किलो असते आणि तीत प्रवाशांचे वजनही धरावे लागते. आम्हा चौघांचे २६० किलो, छतावरचा तंबू ७० किलो, ६० लिटर पाणी, फ्रिज, जादा बॅटरी आणि विंच (अडकलेली गाडी तारेने ओढून काढणारे यंत्र) मिळून खालची मर्यादा जवळजवळ संपते. (विक्रेते ट्रेलर ओढण्याची क्षमताच उत्साहाने सांगतात, दाराच्या चौकटीवरचे भाराचे लेबल आपणच वाचायचे.) एफ-१५० येथे सहसा वरचढ ठरतो, पण आरसे वगळूनही त्याची रुंदी सुमारे ८० इंच आहे, आणि यूरे व टेल्युराइड या कोलोरॅडोतल्या गावांना जोडणाऱ्या, १३,००० फुटांहून उंच इमोजिन खिंडीत अरुंद जागी समोरून गाडी आली की कोणाला तरी मागे जावेच लागते.

माझा कल टकोमाकडे आहे. ज्यांनी तो पूर्ण भरून अशा वाटांवर चालवला आहे, त्यांनी मागच्या स्प्रिंग बदलाव्या लागल्या का आणि इंधनाचा खर्च कितपत वाढला, हे कृपया सांगावे. स्प्रिंग बदलल्याने अधिकृत भारक्षमता वाढत नाही, याची मला कल्पना आहे.