सोलापुरात मुलांना घेऊन पाण्याकाठी: तलाव, किल्ला आणि हत्तरसंग कुडल

प्रेषक: सहल समिती
विषय: नाताळची सुट्टी, सोलापूर, नदीकाठची बाग?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत परदेशातून येणारी आपली काही कुटुंबं अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणार आहेत. मुक्काम सोलापुरात. मधला एक दिवस मुलांसाठी मोकळा ठेवला आहे. फिरायला वाट, थोडी हिरवळ आणि पाणी असलेली नदीकाठची बाग शहरात कुठे आहे? मुलं दोन ते तेरा वर्षांची, बरोबर दोन आज्या. सोलापूरकरांनी सविस्तर लिहावं.

---

प्रेषक: सभासद, मूळ गाव सोलापूर (उत्तर कसबा)
विषय: उत्तर: नाताळची सुट्टी, सोलापूर

समितीला नमस्कार.

सोलापूर शहरातून मोठी नदी वाहत नाही. सीना पश्चिमेकडून बाहेरूनच जाते, भीमा दक्षिणेला लांब. आमचा काठ तलावाचा, आणि त्यातला सगळ्यात देखणा सिद्धेश्वर तलावाचा. बाराव्या शतकात संत सिद्धरामेश्वरांनी (सिद्धेश्वरांनी) लोकांच्या श्रमदानातून हा तलाव खोदवला, मधोमध मंदिर आहे, पश्चिम काठावर भुईकोट किल्ला आणि किल्ल्याला लागून हुतात्मा बाग. तिन्ही ठिकाणं चालत होतात. मुलांच्या दिवसासाठी एवढंच धरा, भर घालू नका.

वेळ मात्र नीट साधायला हवी. डिसेंबरात पहाटे पंधरा-सोळा अंश आणि दुपारी तीस, त्यामुळे बारा ते तीन बाहेर राहू नका. साडेतीनला किल्ल्यात शिरा. तेव्हा ऊन पाठीवर येतं, पूर्वेच्या तटावरून तलाव आणि मंदिर स्वच्छ दिसतं. सकाळी तिथूनच बघितलं तर सूर्य थेट डोळ्यांत आणि फोटोत मंदिराची नुसती काळी सावली. पाचला खाली उतरून मंदिराकडे निघा. सूर्यास्त सहाच्या आसपास, दिवे लागताना पाण्याजवळ पोचता. बाग शेवटी ठेवा. घसरगुंडी आधी दिसली की मुलं किल्ल्यात पाऊल टाकत नाहीत.

किल्ला बहामनी काळातला. तीन बाजूंना खंदक, चौथ्या बाजूला तलाव, म्हणजे पाणीच त्याची भिंत. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. लहानांना इतिहास सांगत बसू नका, एक काम द्या: तटाच्या दगडांत कोरीव दगड शोधायचे. जुन्या देवळांचे दगड बांधकामात वापरलेत. कुठे फुलाची पट्टी आडवी बसलीय, कुठे मूर्तीचा तुकडा उलटा. आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष आहेत, ते बघितले की दगड आले कुठून हे मोठ्या मुलांना आपोआप कळतं.

तिकिटाचं लक्षात ठेवा, यावरून गेटवर वाद होतात. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. भारतीयांना २५ रुपये, परदेशी नागरिकांना ३००, पंधरा वर्षांखालच्यांना माफ. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असेल तर मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे भारतीयांचाच दर लागतो, पण मूळ कार्ड हातात हवं. नुसता निळा-लाल पासपोर्ट पुढे केला तर ३०० मागणारच, त्यात खिडकीवरच्या माणसाची चूक नाही. मुलांच्या वयाचा पुरावा फोनमध्ये ठेवा. ट्रायपॉड आणि ड्रोन मुक्कामीच ठेवा, दोन्हीला आधी परवानगी लागते.

---

प्रेषक: सभासद, दोन लहान मुलांची आई
विषय: उत्तर: नाताळची सुट्टी, सोलापूर

काका, फार उपयोगी पडेल हे. तीन प्रश्न. दोन वर्षांच्या मुलीसाठी बाबागाडी चालेल का? काठावर मुलांना उतरू द्यावं का? आणि मोठ्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, जेवणाचं काय?

---

प्रेषक: सभासद, मूळ गाव सोलापूर (उत्तर कसबा)

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा. सोलापुरात शेंगा फक्त चटणीत नसतात. आमटीत, भरल्या वांग्यात, पालेभाजीत कूट असतं, पोळीसुद्धा शेंगांची मिळते. ‘शेंगदाणे आहेत का’ असं विचारलं तर वाढपी ‘नाही’ म्हणेल, कारण अख्खा दाणा कुठे दिसतच नाही. विचारायचं असं: ‘कूट घातलंय का? तेल शेंगांचं आहे का? चटणीचाच चमचा भाजीत जातो का?’ कडक भाकरीही चटणीच्या बरणीशेजारीच ठेवलेली असते. मुलाचं जेवण मुक्कामाच्या जागी वेगळं सांगून करून घ्या, औषधाचं इंजेक्शन गाडीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवा. गाडी बंद उभी राहिली की आत तापते आणि औषध खराब होतं.

बाबागाडी किल्ल्यात नको. उंबरे, चढ, उखडलेली फरसबंदी, चाकं अडकतात आणि शेवटी गाडी हातात, मूल कडेवर. झोळीत किंवा पाठपिशवीत घ्या. आज्यांसाठी किल्ल्याच्या आतली सपाट वाट पुरे, तटावर कठडा सगळीकडे नाही. मंदिरात अनवाणी जायचं असतं, दुपारी दगड तापलेला असतो, म्हणून मोजे ठेवा.

पाण्यात उतरू देऊ नका, एक पायरीसुद्धा नाही. पाण्यालगतच्या पायरीवर पातळ हिरवं शेवाळ असतं, कोरडं दिसतं पण पाय ठेवला की सटकतो. मुलाचा हात धरून मोठ्यानं पाण्याच्या बाजूनं चालायचं. माशांना पाव, चुरमुरे टाकू नका. उरलेलं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेच ओढून घेतं, त्यामुळे ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे पाणी सगळ्यात गुदमरलेलं असतं. एखाद्या सकाळी वास आला तर कारण हे. फुलं, निर्माल्य कलशातच टाका. संध्याकाळी डास असतात, पूर्ण बाह्या आणि मलम हवंच.

---

प्रेषक: सभासद, पक्षीमित्र, सध्या सोलापुरात

सकाळ रिकामी असेल तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा, म्हणजे एकरूख तलाव बघा. ब्रिटिशांच्या काळात आदिला नदीवर बांध घालून केलेला. बाग नाही, स्वच्छतागृहाची सोय धरू नका. पण थंडीत पट्टकदंब येतात, हिमालय ओलांडून. डोक्यावर दोन काळे पट्टे, मुलांना लगेच ओळखता येतात. सातला पोचा, नऊनंतर पक्षी आत सरकतात आणि उन्हानं पाण्यावरची हवा थरथरते, दुर्बिणीतून काही दिसत नाही. आठपटीची दुर्बीण पुरे, जास्त पटीची मुलांच्या हातात स्थिर राहत नाही. बांधाच्या दगडी उतारावर मुलांना सोडू नका.

विजापूर रस्त्यावरचा कंबर तलावही जवळ आहे, पण जलपर्णी वाढली की पाणीच दिसत नाही. आदल्या दिवशी कुणाला तरी फोन करून विचारा.

---

प्रेषक: सहल समिती

मंडळी, आभार. दोन शंका. मुलांना खरी नदी बघायचीच असेल तर? आणि तीन कुटुंबं जानेवारीच्या मध्यापर्यंत राहतायत, त्यांनी हाच बेत तेव्हा केला तर?

---

प्रेषक: सभासद, मूळ गाव सोलापूर (उत्तर कसबा)

नदी हवी तर दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटर, अर्धा दिवस. तिथे सीना भीमेला मिळते. संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि उत्खननात सापडलेलं बहुमुखी शिवलिंग, त्यावर ३५९ मुखं. आठ वर्षांवरची मुलं ती मोजत बसतात. पात्रात मात्र उतरायचं नाही. उजनी धरणातून भीमेत पाणी सोडलं की आभाळ कोरडं असतानाही पातळी चढते, आणि वाळूखालचे डोह वरून कळत नाहीत. डबा आणि पिण्याचं पाणी शहरातून न्या, माणशी दोन लिटर.

जानेवारीचा बेत वेगळाच करावा लागेल. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, ६८ लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम. आम्हा सोलापूरकरांचा हा सगळ्यात मोठा सण आहे, मुलांनी जरूर बघावा, पण तो ‘बागेतला दिवस’ नव्हे. तलावाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद होतात, रिक्षा लांबच सोडते. मुख्य दिवसांत लहानांना यात्रेच्या होम मैदानावर नेऊ नका. पाळणे आणि दुकानं पुढेही बरेच दिवस राहतात, त्यामुळे मुख्य सोहळे उरकल्यावर एखाद्या साध्या वारी दुपारी चारला जा, तेव्हा पाळण्याला रांग छोटी असते. प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचा भारतातला चालू नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, परदेशातला नंबर तिथल्या पोलीस मदत केंद्राच्या उपयोगी पडत नाही. भेटायची जागा चार हुतात्मा पुतळा ठरवा. रिक्षावाल्यापासून भेळवाल्यापर्यंत कुणालाही विचारलं तरी दाखवतील. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आमच्या चौघांचं ते स्मारक आहे, तेही मुलांना तिथेच दाखवा.

रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. आठ-दहा जणांसाठी दिवसभराची मोठी गाडी सोयीची, पण तलावाजवळ ती उभी करायला जागा मिळत नाही. चालकाला पार्क चौकात सोडायला सांगा आणि साडेसातला तिथेच बोलवा.