बंध हिऱ्यापेक्षा मजबूत, तरी ग्राफाइट मऊ कसं?

बारावी_सायन्स: ग्राफाइटमध्ये शेजारच्या दोन कार्बन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर, हिऱ्यात ०.१५४. म्हणजे ग्राफाइटचा बंध जास्त घट्ट ना? मग हिऱ्याने काच कापते आणि पेन्सिलीतलं ग्राफाइट मात्र कागदावर झिजतं, असं का? पुस्तकात ‘थर घसरतात’ एवढंच दिलंय.

रसायनवाला: थरांमधलं अंतर बघ, ०.३३५ नॅनोमीटर. तिथे सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला घट्ट बंध) नाही, नुसतं व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे थरांमधली कमजोर ओढ. लिहिताना तेवढंच सुटतं. थरातले बंध तोडायला ३६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं.

रिवाइंडिंग_काका: बाळा, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर रोज येतात आणि प्रत्येकात कार्बन ब्रश, म्हणजे ग्राफाइटचा छोटा ठोकळा असतो. फिरणाऱ्या कम्युटेटरवर (मोटारीच्या दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर) तो सतत घासतो आणि त्याच वेळी वीज पोचवतो. नुसतं तांबं घासलं असतं तर कम्युटेटरला चरे पडले असते.

हे ग्राफाइटलाच का जमतं? कार्बनचे चार इलेक्ट्रॉन बंधाचे. तीन शेजारच्या तीन अणूंशी बांधले जातात, त्यातून षटकोनी जाळी तयार होते. चौथा कुणा एकाचा राहत नाही, पूर्ण थरभर फिरतो. वीज त्याच्यामुळे वाहते. हिऱ्यात चारही अडकलेले, म्हणून तो वीज वाहू देत नाही. शुद्ध स्फटिकात थराला समांतर वीज जेवढी सहज जाते, त्यापेक्षा कितीतरी कमी थरांना छेदून जाते.

पण ‘थर घसरतात’ हे अर्धंच उत्तर आहे आणि ते तसंच शिकवलं जातं याचं मला फार वाईट वाटतं. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले ब्रश भराभर झिजून त्यांची भुकटी व्हायची. ग्राफाइट तेच, थर तेच, फक्त हवा कोरडी. थरांच्या कडेच्या अणूंचे बंध मोकळे असतात, ते समोर येईल त्याला धरतात. हवेतली पाण्याची वाफ तिथे चिकटली की ते शांत होतात, मग घर्षण कमी. वाफ नसली की घर्षण वाढलंच.

बारावी_सायन्स: मग काका, अंतराळात ग्राफाइटचं वंगण चालणारच नाही?

रिवाइंडिंग_काका: नुसतं ग्राफाइट नाही चालत. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड वापरतात. त्याचीही रचना थरांचीच, पण घसरायला त्याला वाफ लागत नाही. उलट दमट हवेत त्याचं घर्षण वाढतं.