चित्रकलेच्या तासाला गणित! शाळेकडे नेमकं काय मागायचं?

कुडाळची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये. ड्रॉइंगचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. वेळापत्रकात चित्रकला अजून आहे, शुक्रवारी शेवटचा तास. त्यात गणिताची उजळणी चालते. आणि प्रगतिपुस्तकात कलेला अ-१! पोरीने वर्षभर शाळेत ब्रश हातात धरलेला नाही, मग हे अ-१ कशाचं?

मुख्याध्यापकांना भेटले. म्हणाले, "संचमान्यतेत, म्हणजे पटावरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, पद बसत नाही, मी काय करू?" माणूस सरळ आहे, टाळत नव्हता. आता पालक-शिक्षक संघाची सभा येतेय आणि मला बोलायचंय. शेजारच्या वहिनी म्हणतात, सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षेचे गुण दहावीला मिळतात तेवढंच सांग, लगेच ऐकतील. तेवढंच सांगू?

आकडेमोड
वहिनींचं ऐका. इंटरमीजिएटला, म्हणजे दुसऱ्या ग्रेड परीक्षेला, ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. सभेत पालकांना हे एका वाक्यात कळतं. सौंदर्यदृष्टी वगैरे काढलंत तर लोक चहाची वाट बघत बसतील.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर
ताई, सात गुण सांगा, पण सगळ्यात शेवटी. सुरुवातच त्यांनी केलीत तर शाळा तेवढंच देईल. परीक्षेआधी महिनाभर बाहेरचा क्लासवाला येईल, परीक्षा झाली की पुन्हा गणित. तुमची मुलगी सातवीत, तिला तर तेही मिळणार नाही.

ग्रेड परीक्षांनी आम्हा एटीडीवाल्यांची, म्हणजे कलाशिक्षक पदविका घेतलेल्यांची, नोकरी राखली, हे मी नाकारत नाही. पण त्याच परीक्षांनी वर्गाचं काय केलं तेही बघितलंय. स्मरणचित्राच्या, म्हणजे आठवून काढायच्या चित्राच्या, पेपराला विषय येणार बाजार, बसथांबा, नाहीतर विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका. क्लासवाले मुलांकडून माणसं पाठ करून घेतात: डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठमोरा टोपीवाला, आईचा हात धरलेलं पोर. विषय कुठलाही येवो, हेच तिघं हजर. पेपर तपासताना तीच बाई पुन्हा पुन्हा समोर यायची, पाटीसुद्धा त्याच बाजूला कललेली. पोरं रोज एसटी स्टँडवर उभी राहतात, पण तिथलं काही कागदावर येत नाही, कारण बघायला कुणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा आधी वेळ मागा. पस्तीस मिनिटांच्या तासात पाणी आणायचं, रंग काढायचे, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला की तो वाळायच्या आत घंटा. आठवड्यात दोन सुटे तास मिळाले तरी रंगकाम होत नाही. लागोपाठचा जोडतास मागा. त्याला मंत्रालयात जावं लागत नाही, मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या वेळापत्रकात तो बसतो. सोबत ओले कागद ठेवायला एक मांडणी. किरकोळ वाटेल, पण मांडणी नसली की शिक्षक रंगच काढू देत नाही, पेन्सिलीवर भागवतो.

मग माणूस. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे, असावेत असं लिहिलंय. तुमचा पट किती ते आधी काढा. शाळा व्यवस्थापन समितीही गाठा, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत ती फक्त सल्ला देऊ शकते. तरी सल्ला इतिवृत्तात आला की संस्थाचालकांना उत्तर द्यावं लागतं.

आणि तुम्ही कुडाळच्या, तर पिंगुळी गाव दाराशीच आहे. ठाकर समाजाची चित्रकथी तिथली. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. पोथीतलं एकेक चित्र पुढे करत गाऊन आख्यान सांगायचं, म्हणजे चित्र, गाणं आणि गोष्ट एकाच बैठकीत. शाळा तिथे सहल नेतात, फोटो काढतात, परत येतात. त्यापेक्षा कलाकाराला दोन-तीनदा शाळेत बोलवा आणि वर्गाला स्वतःची पोथी करू द्या. जत्रेतला दशावतार, भातलावणी, एसटी बंद पडून सगळे चालत आले तो दिवस, काय वाट्टेल ते. कलाकाराला मानधन द्या. शाल-नारळावर बोळवण करू नका.

फळ्यापुढची
मी अनुदानित शाळेत मराठी शिकवते आणि ड्रॉइंगचा तास माझ्याही गळ्यात पडलेला आहे. सरांचं सगळं पटलं, एक सांगते. जोडतास म्हणजे कुणाचा तरी तास हलणार. त्या शिक्षकांशी आधी बोला. सभेत एकदम काढलंत तर गणिताच्या बाई विरोधात जातील, आणि त्यांचंही खोटं नाही, शिष्यवृत्तीचा निकाल त्यांनाच विचारला जातो.

आणि अ-१ चा विषय सभेत नकोच. वर्गशिक्षिका अडचणीत येईल, पद भरलं जाणार नाही.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर
बाई, इथे मात्र माझं वेगळं मत आहे. कागदावर सगळं उत्तम दिसतं म्हणूनच वर कुणाला पद रिकामं असल्याचं जाणवत नाही. नाव न घेता विचारा: आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर कामावरून होणाऱ्या नोंदींत, कलेची नोंद कोणत्या कामावरून होते? ते काम पालकांना बघायला मिळेल का?

आकडेमोड
कागद-रंगांचा खर्च कोण करणार, सर?

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर
कोकणात लाल रंग पायाखाली आहे. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भुकटी वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवा, छान रंग बसतो. काळ्याला चुलीतला कोळसा. पोरांना रंग म्हणजे काय हेही त्यातून समजतं. मात्र कागद आणि ब्रश चांगलेच हवेत, आणि ते शाळेनेच द्यावेत. 'टाकाऊतून टिकाऊ'च्या नावाखाली दरवेळी कलेलाच रद्दी का? प्रयोगशाळेत कुणी फुटकी परीक्षानळी देतं का?

कुडाळची_आई
सगळ्यांचे आभार. कार्यालयात चौकशी केली, सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर आहे. गणिताच्या बाईंशीही बोलले. शुक्रवारचा तास सोडायला तयार आहेत, पण शिष्यवृत्ती परीक्षा झाल्यावर. पत्रात तीन गोष्टी घेतल्यात: जोडतास, अंशकालीन निदेशकासाठी संस्थेने शिक्षणाधिकाऱ्यांकडे मागणी करावी, आणि मुलांच्या कामाचं प्रदर्शन. अ-१ चं सरांनी सांगितलं तसं, प्रश्न म्हणून. सात गुण शेवटच्या ओळीत. वहिनी सही करताहेत, पण ती ओळ वर घ्या म्हणून हटून बसल्यात.

फळ्यापुढची
'शिष्यवृत्तीनंतर' म्हणजे वर्ष संपत आलेलं असेल. यंदा प्रदर्शनापुरते दोन जोडतास मागून घ्या, आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक जूनच्या आधी ठरतं तेव्हा पुन्हा जा.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर
वहिनींची ओळ मधे घ्या, भांडू नका. पत्राच्या दोन प्रती करा आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.