अलेक्झांड्रियाचे 'कुलपती'? शब्द सुचवा

टाकसाळ :
इ.स. ४३१ च्या इफिससच्या धर्मपरिषदेवरचं एक प्रकरण मराठीत आणते आहे. मूळ मजकुरात पानोपानी 'पॅट्रिआर्क', म्हणजे मोठ्या गाद्यांचे मुख्य बिशप. अलेक्झांड्रियाच्या सिरिलला मी 'कुलपती' लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, 'सिरिल कुठल्या विद्यापीठाचे?' 'कुलपिता' म्हणावं तर अब्राहाम आठवतो. आणि दुसरं दुखणं 'थिओटोकोस', हे मरियेचं बिरुद. ज्या शब्दापायी कॉन्स्टँटिनोपलच्या नेस्टोरिअसची गादी गेली, त्याला नुसतं 'देवमाता' म्हणून भागेल का?

जुनी_वही :
पॅट्रिआर्क म्हणजे सरळ सरळ 'पितृ-आर्य'. शब्द आपलाच आहे, तिकडे जाऊन बिघडला.

कोयनाकाठ :
@जुनी_वही, पिता आणि ग्रीक 'पातेर' भावंडं आहेत, कबूल. पण 'पात्रिआ' म्हणजे कूळ आणि 'आर्खेइन' म्हणजे सत्ता चालवणं. आर्य यात कुठून घुसवलात?
मराठी बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात याकोबाच्या बारा मुलांना 'कुलाधिपती' म्हटलंय. ग्रीकमध्ये तिथे हाच शब्द आहे.

शंखपाणी :
'पीठाधीश' लिहा आणि मोकळे व्हा. रोम, कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया, अँटिओक, जेरुसलेम ही पाच पीठं. पीठ म्हटलं की मानपान आणि आधी कोण बसणार हे वाद मराठी वाचकाला वेगळे समजवावे लागत नाहीत.

वसईची_वाट :
पीठाधीश नको हो. वाचताना सिरिलच्या हातात दंड-कमंडलू दिसायला लागतो. आम्ही बिशपला बिशपच म्हणतो, फादरला फादर. आणि पॅट्रिआर्क काही परग्रहावरचा शब्द नाही. गोव्याच्या आर्चबिशपांना १८८६ पासून 'पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क' असा किताब आहे. तो शब्द तसाच ठेवा.

शंखपाणी :
म्हणजे मराठीनं फक्त लिपी पुरवायची? उद्या क्रियापदंही तशीच ठेवू.

वसईची_वाट :
'पाद्री' मराठी आहे ना? तोही पोर्तुगीजांबरोबर उतरला. चारशे वर्षं राहिला की घरचा, नवा आला की परका, हे बरं आहे!

कोयनाकाठ :
मुळात ४३१ मध्ये हा किताब पक्का झालेला नव्हता. निकाईयाच्या ३२५ च्या परिषदेत रोम, अलेक्झांड्रिया, अँटिओक यांचा जुना अधिकार मान्य झाला. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल 'नवं रोम' म्हणून मानात दुसऱ्या क्रमांकावर बसवलं. जेरुसलेमला तो दर्जा ४५१ मध्ये, खाल्किदोनच्या परिषदेत मिळाला. पाच पॅट्रिआर्कांची घडी नीट बसली ती सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनिअनच्या काळात. तेव्हा 'बिशप' किंवा 'आर्चबिशप' लिहिणं इतिहासाला धरून होईल.

टाकसाळ :
पण 'बिशप' लिहिलं की भांडणातली धारच जाते. इफिससला दोनशेच्या आसपास बिशप होते, सगळे एका तोलाचे नव्हते. ३८१ चा तो दुसरा क्रमांक अलेक्झांड्रियाला कायम खुपत राहिला. ४०३ मध्ये थिओफिलसनं कॉन्स्टँटिनोपलच्या योहान क्रिसोस्तोमला खाली खेचलं. ४३१ मध्ये त्याच्याच भाच्यानं, म्हणजे सिरिलनं, नेस्टोरिअसला. ४४९ मध्ये इफिससच्याच दुसऱ्या सभेत सिरिलच्या गादीवर आलेल्या दिओस्कोरसनं फ्लेविअनला. त्या सभेत फ्लेविअनला इतकी धक्काबुक्की झाली की तो थोड्याच दिवसांत वारला. पोप लिओनं तिला लुटारूंची टोळी म्हटलं. हे नुसतं धर्मतत्त्व नव्हे, ही भाऊबंदकी आहे. ती दाखवणारा शब्द हवाय मला.

जुनी_वही :
थिओफिलस सिरिलचा मामा होता असं वाचल्यासारखं वाटतं.

टाकसाळ :
हो, सिरिल त्याच्या बहिणीचा मुलगा.

वसईची_वाट :
थिओटोकोसचं उत्तर कोकणी प्रार्थनेत तयार आहे : 'भागेवंत मरिये, देवाचे माये'. माझी आजी रोज संध्याकाळी म्हणायची. त्यामागे एवढं रामायण झालंय हे तिच्या गावीही नव्हतं.

शंखपाणी :
माय चालणार नाही. यशोदा माय होती, जननी देवकी. ग्रीकमध्ये 'तोकोस' म्हणजे जन्म देणं, 'माता' नव्हे. नेस्टोरिअसचा आक्षेपच हा की मरियेच्या पोटी ख्रिस्त जन्मला, देवाला जन्म कसला? म्हणून त्यानं 'ख्रिस्तोतोकोस' पुढे केला. सिरिल म्हणे, ख्रिस्त एकच, तो देव, तेव्हा जन्मला तो देवच. 'देवमाता' लिहिलंत तर दोघंही मान हलवतील आणि तुमचं प्रकरण दोन पानांत संपेल. 'ईश्वरजननी' लिहा.

कोयनाकाठ :
जननीला +१. आणि प्रतिशब्दही तसाच करता येतो, 'ख्रिस्तजननी'. जोडी जमते.

टाकसाळ :
ही जोडी घेतली. आता पुढचा खडा. परिषदेनंतर सिरिलनं राजधानीत दरबारी मंडळींना गालिचे, हस्तिदंती खुर्च्या, सोनं पाठवलं. त्या वेळच्या एका पत्रात यादी उपलब्ध आहे. त्या काळी अशा भेटींना 'आशीर्वाद' म्हणत. लाच लिहू की नजराणा?

वसईची_वाट :
नजराणा मुघली वाटतो.

शंखपाणी :
प्रसाद.

जुनी_वही :
लाच ती लाचच. संत असला म्हणून काय झालं?

कोयनाकाठ :
त्या पत्रात असंही आहे की या सगळ्यापायी अलेक्झांड्रियाच्या चर्चनं पंधराशे पौंड सोनं उसनं काढलं. गंमत म्हणजे ग्रीकमध्ये व्याजालाही 'तोकोस'च म्हणतात. पैशाला झालेलं पोर!

जुनी_वही :
बघा! मराठीतही तेच. गाय 'व्याली', तसं मुद्दल व्यालं की 'व्याज'.

कोयनाकाठ :
व्याज संस्कृत आहे, अर्थ निमित्त, बहाणा. 'व्याजस्तुती' ऐकलंय ना? व्यालेल्या गाईशी त्याचा संबंध नाही.

जुनी_वही :
आमच्या गावचा सावकार 'मुद्दल गाभण आहे' म्हणायचा. त्याला काय संस्कृत येत होतं?

शंखपाणी :
व्याजावर वेगळा धागा काढा. माझ्याकडे 'दामदुप्पट'बद्दल बरंच आहे.