पाऱ्याचा 12 दिवसांचा प्रयोग: फ्लोजिस्टन त्यानेच संपला का?

रसशाळा
अठराव्या शतकातला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हॉझिए याचं नाव निघालं की पाठ्यपुस्तकं पाऱ्याच्या प्रयोगावर थांबतात. पारा तापवला, हवेचा एक भाग त्यात गेला, आणि फ्लोजिस्टन, म्हणजे जळताना पदार्थातून निघून जातं असं मानलेलं तत्त्व, निकालात निघालं! मला हे पटत नाही. फ्लोजिस्टनवाल्यांचा बालेकिल्ला दुसरीकडे होता. लोखंड विरल आम्लात टाकलं की ज्वलनशील हवा (आजचा हायड्रोजन) निघते. ती धातूतून येते, म्हणजे धातूत फ्लोजिस्टन आहेच, असं ते म्हणत. 1783 पर्यंत लॅव्हॉझिएकडे याला उत्तर नव्हतं. खरा निकाल पाण्याने लावला.

वजनकाटा
साफ असहमत. आकडे बघा. 4 औंस पारा, 50 घनइंच हवा, आणि पारा उकळीच्या जवळ राहील अशी आच सलग 12 दिवस. दुसऱ्या दिवशी लाल कण दिसू लागले, चार-पाच दिवस वाढले, मग थांबले. थंड झाल्यावर हवा 42-43 घनइंच उरली. तीत मेणबत्ती विझली, उंदीर गुदमरला. लाल भस्म (पाऱ्याचं ऑक्साइड) भरलं 45 ग्रेन (ग्रेन हे जुनं, अगदी छोटं वजनमाप). तेच जोरात तापवल्यावर 41.5 ग्रेन पारा आणि 7-8 घनइंच वायू (प्राणवायू) परत मिळाला. तो उरलेल्या हवेत मिसळला की पुन्हा साधी हवा! शिवाय इथे कोळसा लागलाच नाही. भस्माचा पुन्हा धातू होताना त्याला फ्लोजिस्टन कोळशातून मिळतं म्हणणाऱ्यांनी इथे काय दाखवायचं?

भट्टी_आणि_भस्म
वजनाचा हिशेब उत्तम आहे. पाऱ्याच्या ऑक्साइडमध्ये प्राणवायू सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 45 ग्रेनमध्ये 3.3 ग्रेन, त्याला 3.5 मिळाले. पण आकारमानाचा आकडा निर्दोष नाही. हवेत प्राणवायू 21 टक्के, म्हणजे 50 पैकी साडेदहा घनइंच जायला हवे होते, गेले सात-आठच. कारण आचेतच आहे. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळतो. त्याहून फार कमी तापमानाला भस्म बनतच नाही म्हणावं इतकं हळू बनतं, आणि 500 च्या पुढे बनलेलंही फुटतं. मधल्या अरुंद पट्ट्यात प्राणवायू विरळ होत गेला की क्रिया मंदावते. उरलेल्या हवेत साधारण 6 ते 8 टक्के राहिला असणार. मेणबत्ती विझायला ते पुरेसं आहे, हवेतलं प्रमाण ठरवायला नाही. आकारमान मोजताना त्याने दाब 28 इंच आणि तापमान 10 अंश रेओम्युर (तेव्हाचं फ्रेंच तापमानमाप) धरलं होतं, हे मात्र विसरू नका. हे न धरता घनइंचांची तुलना निरर्थक ठरते.

(शिक्षकांना कळकळीची विनंती: पारा तापवू नका, वाफ विषारी असते. व्हिनेगरमध्ये भिजवून झटकलेली बारीक लोखंडी लोकर परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवा, नळी पाण्यात उपडी ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी सुमारे एक पंचमांश चढतं. लोकर कमी पडली तर कमी चढतं.)

रसशाळा
कोळशाचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण फ्लोजिस्टन मानणाऱ्या इंग्रज प्रीस्टलीनेही 1 ऑगस्ट 1774 ला 12 इंची भिंगाने हेच भस्म तापवून तोच वायू काढला आणि त्याला फ्लोजिस्टनरहित हवा म्हटलं. ऑक्टोबरमध्ये पॅरिसला लॅव्हॉझिएच्या घरी जेवताना त्याने ते सांगितलंही. म्हणजे हाच प्रयोग जुन्या चौकटीत बसत होता.

लॅव्हॉझिएचा पाण्याचा प्रयोग मात्र त्या चौकटीत बसत नव्हता. चिकणमातीचा लेप दिलेल्या काचनळीत 274 ग्रेन लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या, नळी लालभडक, आतून वाफ. 100 ग्रेन पाणी नाहीसं झालं, लोखंड 85 ग्रेनने जड झालं आणि 15 ग्रेन ज्वलनशील वायू निघाला. आम्ल नाही, तरी तोच वायू. तो लोखंडातून बाहेर पडला असता तर लोखंड हलकं झालं असतं; म्हणजे तो पाण्यातूनच आला.

वजनकाटा
पाण्यातल्या प्राणवायू आणि हायड्रोजनच्या वजनाचं 85:15 हे प्रमाणही आज 89:11 आहे, म्हणजे अचूकता तिथेही नव्हती. आणि लोखंड जड झालं हे सांगायला शेवटी तराजूच लागला. पाऱ्यावर जी वजनाची शिस्त लावली तीच पाण्यावर लावली. दोन्ही प्रयोग एकाच माणसाने, एकाच पद्धतीने केले.

रसशाळा
पद्धत तीच, हे मान्य. पण मतं कधी बदलली ते पाहा: फ्लोजिस्टन मानणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांपैकी फ्रेंच बर्थोलेने 1785 साली जाहीरपणे बाजू बदलली, आयरिश कर्वनने 1791 मध्ये. दोन्ही पाण्यानंतर.