मदत हवी आहे: फिल्टरमध्ये नेमके एका पिक्सेलचे अंतर कसे साधावे?

रेघोटी
नमस्कार. कडा ठळक करणारा एक फिल्टर मी लिहिला आहे. प्रत्येक पिक्सेलच्या रंगातून उजवीकडच्या आणि खालच्या पिक्सेलचा रंग वजा करायचा, असे त्याचे साधे काम आहे. चित्र कोणत्याही आकाराचे असले तरी फिल्टर तसाच चालावा, म्हणून सगळी मापे ० ते १ या प्रमाणात ठेवली आहेत. लहान चित्रावर कडा केसासारख्या बारीक उमटतात, पण मोठ्या चित्रावर त्याच जाड होतात आणि बारीक रेषा तर चक्क दोनदा दिसतात. तीन दिवस यातच गेले असून काम परवा द्यायचे आहे. कृपया थेट उपाय सांगावा.

चौकट
चित्रांची मापे किती आहेत? अंतर म्हणून कोणता आकडा वापरला आहे? शेडर (प्रत्येक पिक्सेलसाठी चालणारा छोटा प्रोग्रॅम) कशात लिहिला आहे आणि टेक्स्चरचे, म्हणजे त्याला दिलेल्या चित्राचे, सॅम्पलिंग (रंग वाचणे) लिनिअर आहे, म्हणजे शेजारचे रंग मिसळून, की निअरेस्ट, म्हणजे सर्वांत जवळच्या एकाच पिक्सेलचे? हे कळल्याशिवाय जे सांगू तो अंदाजच ठरेल.

रेघोटी
मापे प्रमाणात असल्यामुळे चित्राच्या आकाराचा संबंध येणार नाही असे मी धरून चाललो होतो, म्हणून लिहिले नाही. लहान चित्र १००० बाय ७५०, मोठे ४००० बाय ३०००. अंतर दोन्ही दिशांना ०.००१. वेबजीएल २ (ब्राउझरमधली ग्राफिक्स प्रणाली), सॅम्पलिंग लिनिअर.

चौकट
मग गाठ इथेच आहे. ०.००१ म्हणजे १००० रुंदीच्या चित्रात १ पिक्सेल आणि ४००० रुंदीच्या चित्रात ४ पिक्सेल. बारीक रेषा एकदा स्वतःच्या जागी उमटते आणि एकदा चार पिक्सेल अलीकडे, म्हणून ती दोनदा दिसते.

लहान चित्रही बरोबर येत नाही आहे, ते फक्त तुमच्या नजरेतून सुटले. ७५० उंचीत ०.००१ म्हणजे पाऊण पिक्सेल होतो, आणि लिनिअर सॅम्पलिंग तिथे शेजाऱ्याचा पाऊण आणि स्वतःचा पाव रंग मिसळून देते. समजा कडेच्या एका बाजूला २०० आणि दुसऱ्या बाजूला ४० आहे. उभ्या कडेवर फरक १६० मिळेल, आडव्या कडेवर १२०. आडव्या कडा फिक्या आहेत का, ते पाहा.

उपाय असा, की हे अंतर, म्हणजे पाऊल, चित्रावरूनच काढावे: आडवे १ भागिले रुंदी, उभे १ भागिले उंची. रुंदी-उंची शेडरमध्येच ‘टेक्स्चरसाइझ’ या फंक्शनने मिळते.

वक्ररेषा
माझ्या मते शेडरचा हा खटाटोपच नको. मी कित्येक वर्षे असे परिणाम एसव्हीजी (वेबवरच्या रेखाचित्रांचे स्वरूप) फिल्टरमध्ये करतो आहे. चित्र सरकवणाऱ्या ‘एफई-ऑफसेट’ला अंतर द्यावे, बाकी ब्राउझर पाहून घेतो.

चौकट
ब्राउझर पाहून घेतो ते एसव्हीजीच्या एककांमध्ये, पिक्सेलमध्ये नव्हे. दुप्पट घनतेच्या पडद्यावर, चित्र मूळ मापात दाखवले असेल, तर एका एककात दोन प्रत्यक्ष पिक्सेल येतात. कर्नलच्या (शेजारच्या पिक्सेलांवर हिशेब करणाऱ्या) फिल्टरला तर ‘कर्नल-युनिट-लेंग्थ’, म्हणजे एका पावलाची लांबी, दिली नाही तर एक पाऊल म्हणजे आतल्या बिटमॅपचा एक पिक्सेल धरले जाते, आणि असा फिल्टर आकाराबरोबर बदलू शकतो असे एसव्हीजीच्या मानकातच नमूद आहे. धागाकर्त्यांची अडचण तिथेही याच रूपात समोर येईल.

उजेडवाट
एक महत्त्वाची गोष्ट सुटते आहे. एसआरजीबी, म्हणजे चित्रांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ० ते २५५ रंगमापाच्या, आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. त्यातला १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नसून सुमारे २२ टक्के प्रकाश असतो. आधी रंग लिनिअर, म्हणजे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात, करून घ्यावेत.

चौकट
मुद्दा खरा आहे, पण त्याने कडेचा जोर बदलेल, जाडी नाही. इथे प्रश्न जाडीचा आहे.

वक्ररेषा
जाडीचाच असेल तर मूळ हेतू विचारायला हवा. ग्राहकाने लहान नमुना पाहून पसंत केला आणि मोठे चित्र त्याच मापात छापले, तर कडेची पिक्सेलमधली जाडीही प्रमाणात वाढायला हवी. त्या अर्थाने ०.००१ चूक नव्हतेच.

चौकट
हे मात्र मान्य आहे, आणि ते मी आधीच विचारायला हवे होते. ‘शेजारचा पिक्सेल’ आणि ‘डोळ्याला दिसणारी लांबी’ ही दोन वेगळी मापे आहेत, एकाच आकड्यात ती बसत नाहीत. सावलीचे अंतर दुसऱ्या प्रकारात येते, तिथे प्रमाणच योग्य. जाड कडा हव्या असतील तरी चार पिक्सेल उडी मारून वजाबाकी करू नये, कारण मधले तीन पिक्सेल वगळले जातात. आधी चित्र त्या प्रमाणात ब्लर (धूसर) करावे, मग फरक काढावा.

रेघोटी
मला कडा बारीकच हव्या आहेत. पाऊल बदलल्यावर संगणकावर दोन्ही चित्रे बरोबर आली, आणि आधी आडव्या कडा खरोखरच फिक्या होत्या. मात्र फोनवर मोठ्या चित्राच्या उजव्या अर्ध्या भागात कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या पट्ट्या दिसतात. एक पट्टी कडेची, एक कोरी.

सूक्ष्ममान
फोनचा उल्लेख इथे पहिल्यांदाच आला आहे. शेडरच्या सुरुवातीला फ्लोटची (दशांश संख्यांची) प्रिसिजन, म्हणजे अचूकता, काय दिली आहे?

रेघोटी
‘मीडियमपी’ (मध्यम अचूकता). जुन्या शेडरवरून ती ओळ तशीच आली आहे.

सूक्ष्ममान
तेच कारण आहे. बहुतेक संगणकांवर मीडियमपी ३२ बिटांनीच चालते, अनेक फोनवर मात्र ती १६ बिटांची असते. १६ बिटांच्या फ्लोटमध्ये ०.५ ते १ या टप्प्यातली सर्वांत लहान पायरी १ भागिले २०४८ आहे. तुमचे पाऊल १ भागिले ४०००, म्हणजे जवळजवळ त्याच्या निम्मे. त्यामुळे उजव्या भागात दोन शेजारी पिक्सेलांचा पत्ता एकच होतो आणि वजाबाकी शून्य येते. डाव्या भागात पायऱ्या बारीक होत जातात, म्हणून तिथे दोष कमी दिसतो. आधीच्या चार पिक्सेलांच्या अंतरात हे झाकले गेले असणार.

‘हायपी’ (उच्च अचूकता) लिहा, वेबजीएल २ मध्ये ती फ्रॅगमेंट शेडरला, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या शेडरला, मिळतेच. त्याहून पक्का मार्ग ‘टेक्सेलफेच’, म्हणजे नेमका एक पिक्सेल वाचणारे फंक्शन. त्यात पत्ता पूर्णांकात असल्याने अर्ध्या पिक्सेलचा आणि लिनिअर मिश्रणाचा प्रश्नच उरत नाही. मात्र चित्राच्या काठाबाहेरचा पत्ता तिथे आपोआप आत ओढला जात नाही, म्हणून शेवटच्या स्तंभात आणि ओळीत तो स्वतः क्लॅम्प करावा, म्हणजे काठापाशी रोखून धरावा लागतो.

रेघोटी
टेक्सेलफेचने पट्ट्या गेल्या. उजव्या टोकाला एक उभी रेघ आली होती, क्लॅम्प केल्यावर तीही गेली. आता ग्राहकाला दाखवायच्या नमुन्याचे काय करावे? लहान करून दाखवलेल्या चित्रावर फिल्टर चालवला, तर कडा प्रत्यक्षापेक्षा जाड भासतात.

वक्ररेषा
लहान केलेल्या चित्रावर फिल्टर चालवू नका. मूळ चित्राचा एक तुकडा शंभर टक्के आकारात कापून त्यावर चालवा आणि तोच दाखवा. कापताना उजवीकडे आणि खाली एक-एक पिक्सेल जास्त घ्या, नाहीतर तुकड्याच्या काठावर खोटा निकाल येईल.