ओव्हरस्टेचा दंड खिडकीवर भरायचा की ‘सेटिंग’वाल्याच्या हाती द्यायचा?

दारव्हा_रोड (धागाकर्ता)

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याकडची पोरं व्हिजिट व्हिसावर दुबईला जातात. व्हिसा 30 किंवा 60 दिवसांचा. काम मिळत नाही, किंवा मिळालं तर कागदाशिवाय. मुदत उलटते (हाच ओव्हरस्टे) आणि मग घरी फोन येतो: ‘दंड साचला, दीड लाख पाठवा, आपला माणूस आत आहे, कमी करून देतो.’ घरचे सोयाबीन मिळेल त्या भावात काढतात आणि एजंटाच्या फोनपेवर रक्कम टाकतात.

माझं मत सरळ आहे. त्या ‘आतल्या माणसा’ला एक रुपया देऊ नये, कारण या व्यवहारात तो माणूस बहुतेक वेळा नसतोच. अमिरातीत ऑक्टोबर 2022 पासून ओव्हरस्टेचा दर एकच आहे, दिवसाला 50 दिरहम. व्हिजिट असो वा रेसिडेन्सी. त्याआधी व्हिजिटला 100 होता. कोणी आजही 100 नं हिशेब सांगत असेल तर तिथेच ओळखा. दिरहमचे 24 रुपये धरले तर दिवसाला 1,200 आणि 30 दिवसांचे 36,000. दंड संगणकावर रोज आपोआप चढतो, अधिकाऱ्याच्या मर्जीनं नाही. म्हणून ‘कमी करून देतो’ म्हणणारा एकतर तुमचाच पैसा भरून वरचा खिशात घालतो, नाहीतर काहीच भरत नाही आणि पोरगं विमानतळावर अडकतं.

दंड किती झाला ते गावातल्या मोबाइलवर फुकट दिसतं. व्हिसाच्या कागदावर फाइल नंबर असतो. तो 201 नं सुरू होत असेल तर व्हिसा दुबईचा, म्हणजे जीडीआरएफएच्या (दुबईचं इमिग्रेशन खातं) साइटवर पाहायचं. 101 अबुधाबी, 301 शारजा. दुबई सोडून बाकी सगळ्या अमिराती आयसीपीच्या (केंद्रीय इमिग्रेशन खातं) साइटवर. पासपोर्ट नंबर, त्याची मुदत आणि राष्ट्रीयत्व टाकलं की फाइलची स्थिती येते. दुबईचा व्हिसा आयसीपीवर शोधला की काही सापडत नाही, आणि लोक समजतात ‘दंडच नाही’. तिथंच घोळ होतो.

खामगाव_सरकी

हे सगळं ज्याचे कागद धड आहेत त्याच्यासाठी. व्हिजिट व्हिसा ट्रॅव्हल एजन्सीच्या नावावर निघालेला असतो, म्हणजे प्रायोजक ती एजन्सी. पोरगं मुदतीत परतलं नाही तर तिचा व्हिसाचा कोटा अडकतो, म्हणून ती ‘ॲबस्काँडिंग’ची, म्हणजे पळून गेल्याची, नोंद टाकते. ही नोंद एकदा पडली की तुम्ही खिडकीवर दंड मोजून ठेवला तरी सुटका नाही. नोंद मागे घ्यायचा सोपा रस्ता एकच, ती एजन्सी. आणि ती हजारो दिरहम मागते.

आता सांगा, तिथं तत्त्व घेऊन बसायचं? रोज 50 चढत असतात. दहा दिवस भांडलात तर 500 गेले. मध्ये माणूस घालून, थोडं देऊन, नोंद काढून पोरगं घरी आणलेलं बरं. ‘सेटिंग’ हा शब्द वाईट आहे, पण हा व्यवहार आहे.

दारव्हा_रोड

व्यवहार आहे ना, मग पावती घ्या. इतकंच म्हणणं आहे. एजन्सीचं शुल्क आणि सरकारी दंड या दोन वेगळ्या रकमा आहेत, त्या एकाच आकड्यात मिसळू देऊ नका. एजन्सीच्या बिलावर ट्रेड लायसन्सचं नाव आणि 15 आकडी टीआरएन (कर नोंदणी क्रमांक) हवा. तिथं 5 टक्के व्हॅट आहे, नोंदणीकृत धंदा असेल तर हा नंबर असतोच. दंडाची पावती सरकारी साइटची, तिच्यावर फाइल नंबर छापलेला. बिल मागितलं की आकडा खाली येतो, कारण बिलावर लिहिता न येणारी रक्कम मागायला एजन्सीही कचरते.

आणि एक. ही लूट झाली, पण ती खाजगी एजन्सीची. ‘दुबईचे अधिकारी खातात’ ही ओरड एजंटाच्या फायद्याची, कारण त्याचा हिस्सा तिच्यामागे झाकून जातो. तिथं अधिकाऱ्याला लाच नुसती देऊ केली तरी तुरुंग आहे. दंडाच्या प्रकरणाचं फौजदारी प्रकरण करून घ्यायची हौस कोणाला?

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, तुमचं समदं बरोबर. पण अधिकारी खातच नाई असं काऊन सांगून रायले? तिकडचे नसतीन खात. इकडचे? पासपोर्टच्या पोलिस पडताळणीले फी नाई म्हन्ते सरकार. 36 पानी पासपोर्टचे 1,500, तत्काळचे वरून 2,000, बस. मंग ठाण्यात ‘चायपानी’ कायचं मागतात? अन् दहावी नाई झाली त्या पोट्ट्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का पडते. त्याले कामासाठी जाले ई-मायग्रेटचं (सरकारचं परदेशी नोकरीचं पोर्टल) क्लिअरन्स लागते. ते चुकवाले एजंट त्याले व्हिजिटवर पाठोते अन् विमानतळावर ‘पुशिंग’, म्हंजे बिना क्लिअरन्सचं पार, करून देतो म्हून पैसे घेते. ते पैसे कोनाच्या खिशात जाते ते तुमीच सांगा.

अन् पोट्टं तिकडं अडकलं का मंग हेच लोक सांगतात, कायद्यानं चाला. कायदा पयले विमानतळावर पाहाले पायजे होता ना!

नोटरीची_खुर्ची

ठेचा भाऊंचा मुद्दा खरा आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. भ्रष्टाचाराची भीती जिथं रास्त आहे तिथं, म्हणजे आपल्या बाजूला, लोक मुकाट्यानं देतात. आणि जिथं संगणक दंड मोजतो तिथं मात्र लाचेचा रस्ता शोधतात.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला दुरुस्ती झाली. आता लाच देणाराही गुन्हेगार आहे, कलम 8, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सूट एकच: बळजबरीनं द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तक्रार केली असेल. देण्याआधीच तक्रार केली आणि एसीबीच्या (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) सांगण्यावरून नोटा दिल्या, तर प्रश्नच येत नाही. ठाण्यातल्या मागणीसाठी एसीबीची हेल्पलाइन 1064. यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, अकोला हे अमरावती परिक्षेत्रात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया नागपूर परिक्षेत्रात. आधी पंचासमोर मागणीची पडताळणी होते, आवाज रेकॉर्ड होतो, मग सापळा. नोटांना पावडर लावतात. रक्कम तक्रारदाराचीच असते, पण नंतर परत मिळते. विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी किंवा पासपोर्ट कार्यालयातला माणूस केंद्राचा, त्याची तक्रार सीबीआयकडे. सीबीआयची लाचलुचपत शाखा नागपुरात आहे.

‘पुशिंग’बद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. त्या वाटेनं गेलेल्याचं नाव ई-मायग्रेटवर नसतं. त्यामुळे प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमाही नसतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आहे. तेवढे वाचवले असंही नाही, एजंटाला त्याच्या कित्येक पट दिलेले असतात.

वऱ्हाडी_ठेचा

सात दिवसांत तक्रार कोन करते? खेड्यात ठानेदाराच्या इरुद्ध सापळा लावला का मंग पुढच्या डावाले त्याच घरच्या दुसऱ्या पोट्ट्याची पडताळणी कशी होते, तेई सांगा. पावडर नोटेले लागते, भीती मानसाले लागते.

मोर्शी_संत्रा

थांबा ना लोकहो, घाई कशाला? अमिराती माफी देते. 2018 ला दिली, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत. 2020 ला कोरोनात 1 मार्चच्या आधी मुदत संपलेल्यांचा दंड सोडला. 2024 ला 1 सप्टेंबरला सुरू केली, 31 ऑक्टोबरला संपणार होती ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. दंड शून्य, बंदी नाही. ज्यांनी लाखो भरले ते मूर्ख ठरले.

दारव्हा_रोड

माफीची वाट पाहणं म्हणजे कोरडवाहूवर संत्रा लावणं. एका वर्षाचे 365 गुणिले 50, म्हणजे 18,250 दिरहम, 24 नं 4,38,000 रुपये. पुढची माफी कधी, कोणाला लागू, हे आधी कोणी सांगत नाही. तोवर पोरगं कागदाविना काम करणार. तसा माणूस ठेवणाऱ्या मालकाला कायद्यानं जबर दंड आहे, म्हणून तो पगार दाबतो, तक्रार करू देत नाही, आजारी पडला तर दवाखान्यात नेत नाही.

दंड कमी करण्यासाठी किंवा माफीसाठी वैयक्तिक अर्ज मात्र करता येतो. दुबईत आमेर सेंटरमधून (व्हिसाचे अर्ज घेणारं अधिकृत केंद्र), कारणाच्या कागदांसह: दवाखान्याचं बिल, कंपनी बंद झाल्याचा पुरावा, मृत्यूचा दाखला. मंजूर होईलच असं नाही, पण त्यासाठी ‘आतला माणूस’ लागत नाही. सेंटरचं टायपिंग शुल्क लागतं आणि त्याची पावती मिळते.

अकोला_बायपास

थायलंडचंही सांगून ठेवतो, आजकाल तिकडं जाणारे वाढले. दिवसाला 500 बात, कितीही राहिलात तरी कमाल 20,000 बात. विमानतळावर निघताना इमिग्रेशनच्या टेबलावर भरा, पावती आणि शिक्का घ्या. पण पैसा भरला म्हणजे मिटलं असं नाही. 20 मार्च 2016 पासून बंदीचा नियम आहे: स्वतःहून निघालात आणि 90 दिवसांपेक्षा जास्त झाले तर एक वर्ष बंदी, वर्षावर तीन, तीन वर्षांवर पाच, पाचवर दहा. निघण्याआधी पकडले गेलात तर वर्षाच्या आतलं असलं तरी पाच वर्षं, वर्षावर दहा. रस्त्यात शिपायानं अडवून ‘इथंच मिटवू’ म्हटलं तर त्याला दिलेला पैसा कुठल्याच नोंदीत जात नाही. विमानतळावर पुन्हा पूर्ण भरावाच लागतो.

खामगाव_सरकी

परत मुद्द्यावर. धागाकर्ते पावतीचं सांगतात, पण ज्या घरात महिन्याला 36,000 आणायचे कुठून हाच प्रश्न आहे, त्यांना पावती काय कामाची? एजंट निदान उधारीवर तरी काम करतो.

नोटरीची_खुर्ची

उधारीवर करतो आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवतो, हे अर्धवट सांगू नका.

पैसा नसेल त्याच्यासाठी दूतावासाचा भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, 2009 पासून. 2017 च्या सुधारित नियमांत बेकायदा वास्तव्याचा लहान दंड आणि परतीचं तिकीट दोन्ही त्यातून देता येतं, अट अशी की चूक प्रथमदर्शनी मजुराची नसावी. म्हणजे ‘एजंटानं नोकरीचं सांगून व्हिजिटवर पाठवलं’ हे सिद्ध करणारा कागद लागतो. व्हॉट्सॲपवरचे मेसेज, फोनपेचे यूटीआर (व्यवहाराचे) नंबर, ऑफर लेटर. पोरं फोन बदलताना हेच पुसून टाकतात. घरच्यांनी इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकायची, तिकडून पोरानं प्रवासी भारतीय सहायता केंद्राला 80046342 वर फोन करायचा. दोन्हीकडे एकच पासपोर्ट नंबर, एकच हकीकत. दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की फाइल तिथेच लटकते.

आणि इथल्या एजंटावर गुन्हा. नोंदणी नसताना परदेशी भरती केली तर 1983 च्या उत्प्रवास कायद्याचं कलम 24, सोबत फसवणुकीचं बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 318(4). नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क 30,000 आणि जीएसटी, म्हणजे 35,400 पेक्षा जास्त घेता येत नाही. ठाणेदार तक्रार घेत नसेल तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 173(4) खाली लेखी तक्रार पोस्टानं एसपींकडे पाठवा, पोच जपून ठेवा. भरतीचा गुन्हा दाखल झाला की कित्येक एजंट स्वतःहून तिकडच्या एजन्सीला फोन करून ॲबस्काँडिंगची नोंद काढून देतात. खामगावकर, तुमची ‘सेटिंग’ अशी पण होते.

खामगाव_सरकी

होते, पण गुन्हा नोंदवेपर्यंत महिना जातो. तेवढ्यात 1,500 दिरहम वाढले. वेग कुठाय कायद्याला? मी एजंटाची बाजू घेत नाही, गणित सांगतोय.

दारव्हा_रोड

गणित मान्य. म्हणून क्रम महत्त्वाचा, आणि तोच लोक चुकवतात. घाबरून आधी दंड भरतात. दंड भरल्यावर लगेच निघायचं असतं. पासपोर्टची मुदत संपलेली निघाली किंवा नोंद अडली की मीटर पुन्हा सुरू.

आधी पासपोर्ट हातात आहे का बघा. मालकाकडे अडकला किंवा संपला असेल तर वाणिज्य दूतावासाकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट, ते फक्त भारतात एकदा येण्यापुरतं. मग ॲबस्काँडिंगची नोंद. मग पोलिस केस किंवा न झेपलेल्या कर्जाची प्रवासबंदी: दुबईसाठी दुबई पोलिसांचं ॲप, अबुधाबीसाठी न्यायखात्याची एस्तफसर सेवा. व्हिसाचा दंड भरून ही बंदी उठत नाही, हे दोन वेगळ्या खात्यांचं काम आहे. हे सगळं मोकळं दिसलं की तिकीट काढा, आणि तिकिटाच्या तारखेला धरूनच दंड व एक्झिट परमिटचं (देश सोडायचा परवाना) शुल्क भरा. विमानतळावर चार तास आधी.

पैसा घरून पाठवायचा असेल तर पोराच्या किंवा तिथल्या नातेवाइकाच्या खात्यात बँकेतून पाठवा. हुंडीनं पाठवलेल्याचा कागद कुठंच दाखवता येत नाही, आणि तो फेमाचा (परकीय चलन कायदा) भंग आहे तो वेगळाच.

वऱ्हाडी_ठेचा

हे समदं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा ना मंग. ई-मायग्रेटच्या यादीत एजंटाचं नाव पाहाले दोन मिनिटं लागते. बहुतेक पत्ते मुंबईचे. तालुक्यात फ्लेक्स लावून बसलेल्याचं नाव त्यात नसलं तं पासपोर्ट त्याच्या हाती देऊच नका, मी तं तेवढंच सांगतो.